अंगठ्याची खूण

लायल रोमानेक भारी की जाव्हॉन टिब्स भारी, हा मर्नाच्या खानावळीतल्या खिडकीजवळच्या टेबलावरचा वाद. त्याला ना आगा ना पिछा. एक अडतीस वर्षांपूर्वी टिल्मन्स फेरी गावच्या शाळेचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे फेकणारा मुख्य खेळाडू होता, दुसरा आज आहे. मधल्या काळात नदीकाठची पोलादाची गिरणी बंद पडली, दोन चर्चना माणसं पुरेनात म्हणून त्यांचं एक झालं, जुना पूल पाडून नवा आला. पण शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या गावाने शाळेच्या मैदानावर जमायचं आणि शनिवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यावर तोंड वाजवायचं, यात तसूभर फरक पडला नाही. ओहायो नदीच्या या काठाला हाताने खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल सोडून दुसरं बोलायला आहे तरी काय?

टेबलावर तिघं ठरलेली. चेट यानोस, गिरणीत क्रेन चालवायचा. गिरणी बंद झाल्यापासून फक्त जीभ चालवतो. व्हॉन्डा टिब्स, शाळेची बस चालवते आणि जाव्हॉनची सख्खी आत्या, त्यामुळे तिचं मत काय असणार हे विचारायलाच नको. आणि तिसरा अर्ली. अर्ली म्हणजे ऑरिन हुडाक, पण ऑरिन हे नाव गावात कुणाला आठवायचं नाही. नगरपालिकेच्या पाणीखात्याने त्याला जो गणवेश दिला त्याच्या खिशावरसुद्धा धाग्याने ‘अर्ली’च शिवलेलं. अर्ली म्हणजे लवकर, वेळेच्या आधी. हे नाव त्याला कशावरून पडलं ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

व्हॉन्डाचं म्हणणं असायचं, की तुमच्या लायलच्या काळात समोरच्या पोरांना धड पळता तरी येत होतं का? आमचा जाव्हॉन पळता पळता, अंगावर दोघं चालून येत असताना, पन्नास यार्ड चेंडू फेकतो आणि तो झेलणाऱ्याच्या थेट छातीवर पडतो. त्यावर चेट म्हणायचा, फेकेल नाही तर काय, डाव कुठे त्याला ठरवायचा असतो? कोच बाहेरून चित्रांच्या पाट्या दाखवतो, हत्ती, पिझ्झा, अमक्याचं तोंड, की या पोरांना कळतं काय करायचं. लायल सगळे डाव स्वतः ठरवायचा, मैदानात, डोक्यात. व्हॉन्डा म्हणायची, पाट्या वाचायला अक्कल लागते, चेट, तुला मर्नाचं मेन्यूकार्ड अजून वाचता येत नाही, म्हणून तर तू रोज अंडी आणि सॉसेज मागवतोस. मर्ना कॉफी ओतता ओतता हसायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही, कारण दोन्ही बाजू तिचीच कॉफी प्यायच्या.

मग व्हॉन्डा हुकमाचा पत्ता काढायची. इतकं सगळं खरं, पण लायलने राज्याची फायनल जिंकली का? नाही ना? मग कसला थोर?

इथे अर्लीने कप खाली ठेवायचा. ते इतकं ठरलेलं होतं, की मर्ना बोलणं थांबवून त्याच्याकडे बघायची.

तो म्हणायचा, ती फायनल मी घालवली. लायलने नाही. लायल आकडा कधी विसरला नाही आणि त्याचे हात कधी चुकले नाहीत. त्याचा सेंटर मी होतो, माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

यावर कुणी काय बोलणार? माणूस स्वतःच्याच डोक्यावर खापर फोडून घेतोय म्हटल्यावर व्हॉन्डासारखी बाईही गप्प व्हायची. चेट टेबलावर थाप मारायचा आणि वाद त्या दिवसापुरता लायलच्या बाजूने मिटायचा. लायलच्या समोरचं नाव दर काही वर्षांनी बदलायचं, आता ते जाव्हॉनचं होतं, पण हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. लायलचा देव्हारा या गावात कुणी मांडला असेल तर तो अर्लीने मांडला, आणि रोज सकाळी त्याला फूलही त्यानेच वाहिलं.

पण खरी गोष्ट वेगळी होती. ती जगात फक्त दोघांना ठाऊक होती.

सेंटरचं काम तसं कुणाच्या डोळ्यांत भरणारं नाही. चेंडूवर हात ठेवून वाकायचं, आणि क्वार्टरबॅक ओरडून आकडे मोजतो त्यातला ठरलेला आकडा आला, की तो चेंडू दोन पायांमधून मागे त्याच्या हातात द्यायचा. त्यासाठी क्वार्टरबॅकचे दोन्ही हात सेंटरच्या बुडाखाली टेकलेले असतात. यावरून पोरं काय काय विनोद करतात ते सांगायला नको. लायल आणि ऑरिनने मात्र त्यातून एक युक्ती काढली होती. लायलने अंगठा आतल्या बाजूने दाबला, की ऑरिनने समजायचं, आकडा गेला खड्ड्यात, चेंडू आत्ताच्या आत्ता दे. समोरचे बेसावध असताना लायल मुसंडी मारून दोन-चार हात पुढे जायचा. ही खूण कोचलासुद्धा सांगितली नव्हती. कोच म्हणायचा, तुम्हा दोघांचं काहीतरी जादूचं आहे.

फायनलच्या दिवशी गारा मिसळलेला पाऊस होता. शेवटचं मिनिट, रेषा एक यार्डावर, आणि ती ओलांडली की टिल्मन्स फेरी राज्यात पहिली. ठरलेला आकडा दोन. ऑरिन वाकला. लायलचे हात टेकले, ते बर्फासारखे गार होते आणि थरथरत होते. ‘एक’ म्हणायच्याही आधी अंगठा दाबला गेला. ऑरिनने चेंडू दिला. आणि मागे हात तयारच नव्हते. चेंडू मनगटावर आपटून चिखलात पडला, समोरच्यांची चार पोरं त्यावर कोसळली, आणि संपलं. गावाने पाहिलं ते एवढंच, की बाकी सगळे पुतळ्यासारखे उभे असताना सेंटरने एकट्याने घाई केली.

परतीच्या बसमध्ये लायल त्याच्या शेजारी येऊन बसला. रडत होता. म्हणाला, थंडीने हात काकडले होते, अंगठा कधी दाबला गेला मला कळलंच नाही. मग म्हणाला, ऑरिन, मंगळवारी विद्यापीठाची माणसं मला बघायला येताहेत. आत्ता कुणाला सांगू नकोस. मी सांगेन. माझ्या तोंडाने सांगेन, शपथ.

ऑरिन म्हणाला, बरं. त्याला कुठे पुढे खेळायचं होतं? त्याचा बाप गिरणीत, तो गिरणीत जाणार, हे ठरलेलं. मित्राचं भलं होत असेल तर दोन दिवस लोक हसले तर हसले.

ते दोन दिवस संपलेच नाहीत. लायल विद्यापीठात गेला, तिथे गाजला, व्यावसायिक संघात काही वर्षं राखीव खेळाडू म्हणून बसला, मग कोलंबसला मोटारींचं मोठं दुकान काढलं. हमरस्त्यावर त्याच्या हसऱ्या तोंडाचे फलक लागले. इकडे ऑरिनचा अर्ली झाला. लग्नात पाद्र्यानेसुद्धा मिश्कीलपणे विचारलं, की वर वेळेच्या आधी आला ना? बायको रूथ बाहेरगावची, ती आधी चिडायची, मग तीही लाडाने अर्लीच म्हणू लागली. दोन वर्षांपूर्वी गेली बिचारी. गेली तीसुद्धा खरं काय ते न कळताच, कारण दिलेला शब्द बायकोपाशीही फोडायचा नाही असा हा माणूस. याला शहाणपण म्हणायचं की वेडेपण, ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर शुद्ध गाढवपणा.

एक गोष्ट मात्र होती. वर्षाकाठी नाताळला लायलचा फोन यायचा, आणि तो एकटा त्याला ऑरिन म्हणायचा. ‘ऑरिन, कसा आहेस?’ अर्लीला तेवढं पुरायचं.

या वर्षी शाळेच्या पाठीराख्यांच्या मंडळाने ठरवलं, की लायलचा बारा नंबरचा सदरा काचेत घालून व्यायामशाळेच्या भिंतीवर लावायचा. आमच्याकडे एकदा नंबर भिंतीवर गेला, की पुन्हा कुणी तो घालायचा नाही. आता नेमका बारा नंबर जाव्हॉनच्या पाठीवर. म्हणजे पोराने उरलेले सामने दुसऱ्या नंबरने खेळायचे. व्हॉन्डा त्या सकाळी अशी संतापली, की तिने अंडं ताटात तसंच टाकलं. ज्याने एक ढाल आणली नाही त्याच्यासाठी या पोराच्या अंगावरचा सदरा उतरवायचा? मंडळाने गावातल्या जुन्या खेळाडूंचं मत घ्यायचं ठरवलं होतं, आणि सगळ्यांत वजन होतं ते अर्लीच्या मताला. अर्लीने नेहमीचंच सांगितलं. लायलचे हात कधी चुकले नाहीत. झालं, ठरलं.

त्यानंतर लायलचा फोन आला. नाताळ नसताना. म्हणाला, “ऑरिन, त्या दिवशी माईक माझ्या हातात असणार आहे. ते मी सांगून टाकतो. फार वर्षं राहिलंय.”

अर्ली हूं म्हणाला. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात तसाच उभा राहिला आणि रूथच्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाला, ऐकलंस? त्याने स्वतः काढलं, मी नाही मागितलं.

पुढचे दिवस गडी हवेत. केस कापून आला. कपाटातलं जुनं शाळेचं जाकीट काढलं, ते पोटावर बसेना, म्हणून नुसतं खांद्यावर टाकून बघितलं. टेबलावर चेटला आणि व्हॉन्डाला बजावून ठेवलं, की शुक्रवारी मध्यंतरात सॉसेज आणायला उठू नका, जागेवर बसून राहा. व्हॉन्डाने विचारलं, का, तुझा लायल उडून दाखवणार आहे का? हा म्हणाला, ऐकशील तेव्हा कळेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी मैदान खचाखच भरलं होतं. थंडी पडायला लागली होती, बायका पेपरोनी भरलेले पाव विकत होत्या, बँडची पोरं गाल फुगवून बसली होती. पहिल्या अर्ध्यात जाव्हॉनने अठरा नंबरचा सदरा घालून तीन वेळा चेंडू असा फेकला, की लायलचे कट्टर भक्तही उभे राहिले. मग मध्यंतर झालं आणि लायल मैदानाच्या मधोमध आला. पांढरे केस, उंची कोट, चाल अजून तीच. गावाने टाळ्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. अर्लीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, लहान मूल धरतं तसे.

लायल कोचबद्दल बोलला. आईबद्दल बोलला. गिरणीच्या भोंग्याबद्दल बोलला, तेव्हा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मग थांबला, आणि पाठीराख्यांच्या बाकांकडे बघत म्हणाला, “आमचा अर्ली कुठे आहे? उभा राहा रे, अर्ली.”

लायलच्या तोंडून ‘अर्ली’ हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं. पण तो उभा राहिला.

“लोक मला अजून विचारतात, लायल, ती फायनल कशी हरलात? मी सांगतो, मंडळी, आमच्या सेंटरला दोनपर्यंत मोजायला शिकवणारा मास्तर त्या वर्षी रजेवर होता.”

अख्खं मैदान खदखदून हसलं. शेजारच्या चेटने त्याच्या पाठीवर थाप मारली. बँडच्या पोराने ढोलावर एक ठोका दिला. हजारभर तोंडं त्याच्याकडे वळलेली, सगळी प्रेमाने हसत असलेली, आणि त्या प्रेमाचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला. आता काय करायचं? त्याने हात वर करून हलवला. तोंडघशी पडलेल्या माणसाने अंगावरची धूळ झटकून हसावं तसा तो हसला, आणि खाली बसला. व्हॉन्डाने विचारलं, हेच ऐकायला बसवलं होतंस का?

सामना संपल्यावर गाड्यांच्या जागेत त्याने लायलला गाठलं. लायलने मिठी मारली. लोकांना काय आवडलं बघ, म्हणाला.

“तू सांगणार होतास,” अर्ली म्हणाला.

“सांगणार होतो रे. त्याच विचाराने आलो होतो. पण ती तोंडं बघितलीस? त्यांना तेच हवं होतं. आता अंगठाबिंगठा काढून कुणाला काय कळणार? सगळ्यांची संध्याकाळ नासवायची.” लायलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आणि इतक्या वर्षांत तुझं काय गेलं त्यात, अर्ली?”

काय गेलं? अर्लीला सांगता आलं असतं. लग्नातला विनोद, खिशावरचं नाव, गिरणीत पहिल्या दिवशी फोरमनने सगळ्यांसमोर दिलेलं गजराचं घड्याळ, रूथ. पण इतकं सगळं एका दमात कसं सांगायचं? आणि ज्याला विचारावं लागतं त्याला सांगून तरी काय उपयोग? तो गाडीत बसला आणि घरी गेला. आमच्याकडे म्हणतात, ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. पण म्हण तोंडात असून भागत नाही, ती वेळेवर आठवावी लागते.

शनिवारी सकाळी टेबलावर त्याने सगळं सांगितलं. लायल जायच्या आधी मर्नाकडे नाश्त्याला येणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून गर्दी जास्त होती. अर्लीने आवाज चढवला नाही. अंगठ्याची खूण, गारठलेले हात, बसमधली शपथ, फोन, सगळं क्रमाने सांगितलं. बोलताना त्याला वाटत होतं, आता चेट उठेल आणि लायलला शिव्या घालेल.

चेट हसला. मग अर्ली हसत नाही हे बघून गंभीर झाला. म्हणाला, अरे, कालचं तुला लागलं असेल, मी समजू शकतो, लायलने जरा जास्तच ताणलं. पण म्हणून हे असलं काढायचं? आम्हाला कोण सांगत होतं, लायल आकडा कधी विसरला नाही? कोण सांगत होतं, त्याचे हात कधी चुकले नाहीत? त्याचा सेंटर मी होतो, माझ्याइतकं कुणाला माहीत, हे कुणाचे शब्द?

शब्द त्याचेच होते. एकेक वीट त्याने स्वतः रचली होती, आणि आता त्याच भिंतीवर त्याचं कपाळ आपटत होतं.

त्याने व्हॉन्डाकडे बघितलं. ती तरी मानेल. तिच्या तर फायद्याचं होतं.

“हे खरं असलं तर मला हवंच आहे,” ती म्हणाली. “पण मग इतकी वर्षं रोज सकाळी तू माझ्या तोंडावर खोटं बोलत होतास. तुझ्या एका शब्दावर त्यांनी माझ्या पोराच्या अंगावरचा सदरा काढला. आज मी कुठल्या अर्लीवर विश्वास ठेवू, सांग?”

लायलने त्याला फसवलं होतं, पण व्हॉन्डाला कुणी फसवलं होतं? त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात लायल आला. खुर्च्या सरकल्या, लोक उठले, मर्नाने पदपथापर्यंत जाऊन त्याचं स्वागत केलं. व्हॉन्डा मात्र बसल्या जागेवरून म्हणाली, “लायल, तुमची काही अंगठ्याची खूण होती का रे? अर्ली म्हणतोय, चेंडू त्याने तुझ्या खुणेवर दिला.”

तव्यावरच्या बटाट्यांचाच काय तो आवाज. लायल हसला, फलकावर हसतो तसाच.

“कसला अंगठा?”

एवढं म्हणताना त्याने व्हॉन्डाकडे बघितलं, चेटकडे बघितलं, मर्नाकडे बघितलं. अर्लीकडे बघितलं नाही. शेवटी अंगठाच दाखवला म्हणायचा, सगळ्या गावादेखत.

लोक पुन्हा हसले, सुटल्यासारखे. चेटला वाटलं, आता दिलजमाई केली पाहिजे. कॉफीच्या यंत्रावरच्या फळीवर फायनलच्या वर्षीचा चेंडू ठेवलेला होता, सगळ्या खेळाडूंच्या सह्यांचा. तो काढून त्याने अर्लीच्या हातात कोंबला. म्हणाला, चला, दोघं पुन्हा एकदा उभे राहा, मर्नाच्या भिंतीसाठी फोटो, आणि अर्ली, या वेळी दोनपर्यंत मोज बाबा.

नाही म्हणायला हवं होतं. तो का वाकला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित अंगाला सवय असते. किंवा अजून कुठेतरी एक वेडी आशा होती, की हात टेकले की लायलला लाज वाटेल. टेबलं सरकवून जागा केली होती, त्यात छप्पन वर्षांचा माणूस गुडघे कुरकुरत वाकला आणि चेंडू फरशीवर टेकवला. मागून लायलचे हात आले. या वेळी उबदार होते. थरथरत नव्हते.

“तयार,” लायल ओरडला, आणि मर्नाने फोन वर धरला.

‘एक’ म्हणायच्या आधी अंगठा दाबला गेला.

चुकून नाही. हळूच, सावकाश, चांगला जाणूनबुजून. टेबलाखालून कुणी हात दाबून सांगावं तसा. होती खूण. मला माहीत आहे. माफ कर.

म्हणजे याला सगळं आठवत होतं. सगळ्या गावासमोर ‘कसला अंगठा’ म्हणणारा हा माणूस आता इथे, जिथे कुणाला दिसत नाही, कुणाला कधी कळणार नाही, तिथे कबुली देत होता. केसाने गळा कापायचा आणि वर त्याच हाताने पाठ कुरवाळायची.

“एक,” खानावळ म्हणाली. “दोन.” मग हसत हसत, “तीन. चार.”

अर्लीने चेंडू दिला नाही.

“अर्ली, आता लेट झालास की,” चेट म्हणाला, आणि सगळे खिदळले.

अर्ली उभा राहिला. कमरेतून कळ आली, ती त्याने जिरवली. लायलकडे वळून तो हळू आवाजात बोलला, तरी कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं.

“परत दाब. पण इथे, वर. टेबलावर हात ठेव आणि सगळ्यांसमोर दाब.”

लायल हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, आणि म्हणाला, की निघायला हवं, कोलंबस लांब आहे. चेटला काही कळलं नाही, मर्नाला फोटो नीट आला नाही म्हणून वाईट वाटलं. व्हॉन्डा मात्र हसत नव्हती. ती लायलच्या खिशांकडे बघत होती. तिने असे हात रोज बसच्या आरशात बघितलेले होते, काहीतरी लपवणाऱ्या पोरांचे.

अर्ली तिच्यापाशी आला आणि सह्यांचा चेंडू तिच्या पुढ्यात, अंड्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“जाव्हॉन भारी आहे,” तो म्हणाला. “लायलपेक्षा कितीतरी भारी. मी उद्या मंडळाला तसं सांगतो. ऐकतील का माहीत नाही.”

इतकी वर्षं चाललेला वाद असा मिटला, आणि टेबलावर थाप मारायला कुणाचा हात उठला नाही. चेट तोंड उघडं ठेवून बघत राहिला. अर्लीने टोपी घेतली. रूथच्या खुर्चीला हे कसं सांगायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

“ऑरिन,” मागून व्हॉन्डा म्हणाली. “ऑरिन, बस. कॉफी गार होतेय.”

तो दाराकडे चालतच राहिला. तिने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तो दाराबाहेर पोचला होता, आणि ही हाक आपल्याला आहे हे त्याला तेव्हा कळलं.